सत्तेचाळीस नंबरचं कार्ड

एक

मास्तरांची उजवी मूठ उघडायला दोन माणसं लागली. उघडली तेव्हा आत एक टाचणी निघाली. डोकं लाल, आणि टोक तळहातात निम्मं रुतलेलं.

मागच्या जिन्यात, तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर ते पडले होते. सकाळी झाडू घेऊन उतरणाऱ्या बाईला आधी त्यांचा चष्मा दिसला, मग एक बूट, मग मास्तर. इन्स्पेक्टरनं जिना वर पाहिला, खाली पाहिला, आणि वहीत लिहायच्या आधीच बोलून टाकलं.

"लिफ्ट दोन दिवस बंद. जिन्यातला दिवा गेलेला. वय एकसष्ट. पाय घसरला."

डॉक्टर मात्र जाता जाता एक वाक्य मागं ठेवून गेला. संध्याकाळी सातच्या सुमारास पडले असावेत. पण जीव लगेच गेला नव्हता. तास-दीड तास तरी श्वास चालू असावा.

हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी विसरायचं ठरवलं. नोंदबाईंना तेवढं जमलं नाही. सत्तावीस वर्षं कचेरीतला प्रत्येक कागद वहीत चढवणाऱ्या बाईला ऐकलेलं खोडता येत नाही. माणसांवर त्यांचा विश्वास बेताचाच होता. बेरजेवर मात्र पुरता.

कचेरीचं काम सल्ला देण्याचं. सरकारी प्राधिकरणाला बोगदा, पूल किंवा पाणीयोजना काढायची झाली, की त्यातला कुठला धोका सरकारनं अंगावर घ्यायचा आणि कुठला कंत्राटदाराच्या गळ्यात घालायचा, हे ही मंडळी ठरवून देत. सध्या शहराच्या जुन्या भागाखालून रस्त्याचा बोगदा जायचा होता. सगळं ठरलं होतं, आणि आज संध्याकाळी पाच वाजता निविदेचं पुस्तक बाहेर पडायचं होतं.

"पुस्तक थांबवता येणार नाही, बाई," साहेब म्हणाले. ते रात्रभर प्रवास करून सकाळीच परगावाहून आले होते. कोटाच्या सुरकुत्या अजून मोडल्या नव्हत्या. "मी प्राधिकरणात जाऊन बसतो. तुम्ही भिंतीवरून धोक्यांचा तक्ता उतरवून घ्या आणि साडेचारला फोनवर मला वाचून दाखवा. सगळे ऐकतील, तिथल्या तिथं सही होईल."

"आणि मास्तर?"

"मास्तरांचं वाईट झालं," साहेब म्हणाले, आणि घड्याळाकडे बघितलं.

तेवढ्यात नोंदबाईंचा फोन वाजला. धाकटी बहीण होती.

"ताई, तुला हसू येईल. न्हाणीघराचं दार लागत नाहीये. काल लागत होतं. आणि भिंतीला एक भेग आलीय, माझं बोट जाईल एवढी."

नोंदबाईंना हसू आलं नाही. धाकटीचं घर बोगद्याच्या उत्तर टप्प्यावर होतं, बरोबर वर. जमिनीतलं पाणी कितपत उपसता येतं हे बघायला तिथं आठवडाभर एक पंप चालू होता. आज पाच वाजता दुसरा, मोठा पंप सुरू व्हायचा होता.

"सासूबाईंना घेऊन माझ्याकडे ये. आत्ता."

"त्या पलंगावरून उठतात का, ताई? चार माणसं लागतात उचलायला. आणि कशासाठी? एका दारासाठी?"

नोंदबाईंच्या डोळ्यांसमोर दार नव्हतं, मास्तरांची मूठ होती.

दोन

मोठ्या खोलीची एक अख्खी भिंत बुचाची होती. तिच्यावर तीन रकाने: लाल टाचण्यांचा प्राधिकरणाचा, निळ्यांचा कंत्राटदाराचा, पिवळ्यांचा दोघांचा मिळून. एका धोक्याला एक छापील कार्ड, कार्डाला नंबर. काल दिवसभर एकशे बारा कार्डांवरून रणकंदन झालं होतं. ज्याच्या रकान्यात धोका बसेल त्यानं तो निस्तरायचा. ही भिंत म्हणजेच निकाल. खोलीत फोटो काढायला मनाई होती, मोबाइल बाहेरच्या पेटीत ठेवावे लागत, आणि आत येण्याची किल्ली फक्त टीमकडे होती.

हा सगळा खेळ मास्तरांनी बसवलेला. ते भूगर्भाचे जाणकार, पण बोलणं शाळामास्तरासारखं. म्हणून हे नाव. त्यांचा एक नियम तर इतका जाचक होता की लोक मागं नकला करत. कार्ड हललं की नवी टाचणी, कार्डात नवं भोक. जुन्या भोकात टाचणी खुपसली की ओरडायचे, "अहो, हा धोका किती घरं फिरून आलाय हे कळायला नको? भोकं मोजा, धोका कळेल!"

नोंदबाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. खोलीत त्या एकट्याच होत्या, तरी दोनदा मागं वळून बघून झालं. लांब टेबलावर तीन पायांचा कॉन्फरन्स फोन कोळ्यासारखा बसला होता.

"बाई, तुम्ही काही खाल्लंत का?"

त्या दचकल्या. दारात काका होते, धोरण सल्लागार. आयुष्य सरकारात काढून, आदेश कसे निघतात आणि कसे निघत नाहीत हे पाठ करून आलेला माणूस. केस पांढरेशुभ्र, आवाज मऊ, खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या. कचेरीत कुणाच्या घरी आजारपण असलं तर पहिला फोन काकांचा.

"घ्या." त्यांनी गोळी पुढं केली. "मला तर विश्वासच बसत नाहीये. मी साडेपाचला निघालो तेव्हा मास्तर तिथं उभे होते, खडूनं हात पांढरे. तुम्हीच म्हणालात की, काका, आज लवकर?"

"म्हणाले होते."

"थांबलो असतो तर बरोबर उतरलो असतो." त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांची नजर बाईंच्या हातातल्या काळ्या वहीवर गेली. "ही कसली वही? रोज घरी नेता का?"

"सवय आहे, काका. घरच्या हिशेबाबरोबर हीही पिशवीत जाते."

"चांगली सवय आहे," काका म्हणाले. "जपा."

ते गेल्यावर नोंदबाईंनी मोजायला सुरुवात केली. वहीत काल सहा वाजता लिहिलेलं होतं: लाल एकतीस, निळी अठ्ठावन्न, पिवळी तेवीस. एकूण एकशे बारा.

भिंतीवर लाल तीस. पिवळी तेवीस. निळी एकोणसाठ.

त्यांनी पुन्हा मोजलं, यावेळी प्रत्येक कार्डाला बोट लावून. एकूण एकशे बाराच. हरवलं काहीच नव्हतं. फक्त सहा वाजल्यानंतर कधीतरी, बंद खोलीत, एक कार्ड रंग बदलून बसलं होतं.

सत्तेचाळीस नंबर. 'उत्तर टप्पा: जमिनीखालच्या स्थितीची पुरेशी माहिती नाही.'

धाकटीचं घर.

तीन

साहेबांना त्यांनी फोन लावला. साहेब प्राधिकरणाच्या पायऱ्या चढत होते, धापा टाकत.

"मास्तरांनीच नंतर परत निळ्यात नेलं असेल, बाई. त्यांचं मन काय, सात वेळा बदलायचं."

"पण वहीत..."

"तुमच्या वहीवर कुणाची सही नाही. भिंत काय म्हणते ते वाचा. लाल म्हणालात, तर प्राधिकरणाला आजच्या आज पंप बंद करून वस्ती रिकामी करावी लागेल. कशाच्या जोरावर सांगू मी? कार्ड हललं म्हणून? मास्तरांनी ते हलवलं नाही, एवढं दाखवा. मग बोलतो."

बारा वाजून गेले होते. हातात सव्वाचार तास होते आणि संशय घ्यायला किल्ली असलेली माणसं तीन. सहा वाजेपर्यंत इमारतीत राहिलेली त्यातली दोनच.

वकीलबाई आपल्या खोलीत कराराचे कागद असे उलटत होत्या जणू प्रत्येक पानाशी त्यांचं वैर होतं.

"या. खुर्चीवरच्या फायली खाली टाका. तुम्ही चौकशी करताय म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या पदरानं. तुम्ही घाबरलात की पदर नीट करता." त्यांनी पेन ठेवलं. "विचारा. हो, काल मी भांडले मास्तरांशी. मी सगळ्यांशीच भांडते, त्याचाच पगार मिळतो मला."

"कशावरून?"

"सत्तेचाळीसवरून! तुम्ही होतात की. पावणेसहाला त्यांना बाहेर फोनवर बोलावलं, पाच मिनिटांत परत आले ते चेहरा असा पडलेला, आणि सरळ त्यांनी ते कार्ड प्राधिकरणाच्या रकान्यात लावलं. मी म्हटलं, कारण द्या. म्हणाले, उद्या देतो. अहो, दिवसभर डोकी फोडून ठरलेलं एका मिनिटात फिरवायचं म्हणजे काय?" त्या थांबल्या. आवाज खाली आला. "सव्वासातला मी गेले. त्याआधी, साडेसहाच्या सुमारास, समोरच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता. फोनवर कुणाला तरी सांगत होते, 'तुम्हीच करू शकता हे, दुसरं कोणी नाही.' अजिजीनं. मास्तर आणि अजिजी? कानाला कसंतरीच वाटलं."

"कुणाशी बोलत होते?"

"माहीत नाही. पण तुम्ही दुसरंच विचारायला हवंत. दोन वर्षांपूर्वी जमीन तपासायला दक्षिण टप्प्यात चाळीस बोअर घेतले आणि उत्तरेला सोळावर थांबवलं, ते कुणाच्या सल्ल्यानं? सतरावा बोअर मास्तरांनी गेल्या महिन्यात हट्टानं घ्यायला लावला." वकीलबाईंनी पुन्हा पेन उचललं. "आणि बाई, एक ऐका. मागच्या जिन्यानं जाऊ नका. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण मी पण नाही जाणार."

आकड्यांची मॉडेलं बनवणाऱ्या पोराला सगळे 'गणित' म्हणत. वय एकतीस, नखं कुरतडलेली. तो डोळ्यांतून पाणी काढत संगणकासमोर बसला होता.

"मावशी, पोलीस मला परत बोलावतील का? शेवटचा मीच बाहेर पडलो ना. सात चाळीसला."

"मास्तरांना पाहिलंस?"

"नाही. सात वीसला मोठ्या खोलीत चार्जर आणायला गेलो तेव्हा कोणी नव्हतं. बॅग मात्र खुर्चीवर होती. म्हटलं, येतील." त्यानं ओठ चावला. "भिंतीवर एक जागा रिकामी होती. लाल रकान्यात, मधोमध. दात पडल्यासारखी दिसत होती, म्हणून लक्षात राहिली."

"लाल रकान्यात. नक्की?"

"नक्की, मावशी. मला वाटलं मास्तरच काढून घेऊन गेले. पुढच्या जिन्यानं उतरलो मी. मागच्या जिन्यानं उतरलो असतो तर..." डॉक्टरचं वाक्य त्यानंही विसरलेलं नव्हतं. सात चाळीसला मास्तर जिवंत होते.

नोंदबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ठेवता ठेवता मनात आलं: हे सगळं हा खोटंही सांगत असू शकेल. शेवटचा हाच होता. खोली याच्या एकट्याच्या हातात होती. हात तसाच ठेवणं त्यांना जड गेलं.

पावणेचारला, चार ठिकाणी विचारून, बोअर मारणाऱ्या मुकादमाचा नंबर मिळाला. मागं पंपाचा घरघराट ऐकू येत होता.

"मास्तर गेले? अरे देवा! काल पावणेसहाला मीच तर त्यांना सांगितलं. सतरा नंबरला दांडा खाली जाता जाता एकदम हातभर सुटला हो. खाली काही नाहीच. पोकळी! मी म्हटलं पंप थांबवू का, तर म्हणाले वरून हुकूम येईपर्यंत तुझ्या हातात नाही, पण तो मी आणतो."

"लेखी कधी द्याल?"

"तीन दिवसांनी. मास्तरांच्या नावानंच जायचं होतं. आता सकाळी निरोप आलाय, मास्तरांच्या जागी काकांकडे पाठवा म्हणून."

"निरोप कुणाचा?"

"काकांचाच की. स्वतः फोन केला त्यांनी. भला माणूस. रडत होते बिचारे."

चार

चार वाजून वीस मिनिटांनी नोंदबाई परत भिंतीसमोर होत्या. वकीलबाई आणि गणित खालच्या मजल्यावर पुस्तकाच्या प्रती जुळवायला गेले होते. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी कॉन्फरन्स फोन लावला. प्राधिकरणाची खोली जोडली, खालची छपाईची खोली जोडली. तिकडून कोणीतरी म्हणालं, "साहेब येतायत, लाइन चालू ठेवा," आणि तिकडचा आवाज बंद झाला. एक बारीक हिरवा दिवा तेवढा उरला.

त्यांनी सत्तेचाळीस नंबर भिंतीवरून काढला. उजेडासमोर धरला.

कागदातून एक ठिपका उजेड आला. एकच.

शेजारचा सेहेचाळीस नंबर काढला: चार भोकं. वहीत चार नोंदी. अठ्ठेचाळीस: दोन भोकं, दोन नोंदी. सत्तेचाळीसच्या नोंदी त्यांनी बोटानं मोजल्या. सकाळी लावलं ते एक, साडेपाचपर्यंत सहा वेळा हललं, आणि पाच पन्नासला मास्तरांनी लालमध्ये नेलं. आठ. या कार्डाला आठ भोकं हवी होती.

म्हणजे हे ते कार्डच नव्हतं. अक्षर न् अक्षर तेच, कागद तोच, छापखाना तोच, पण आयुष्यात फक्त एकदाच भिंतीला लागलेलं. मास्तरांनी आपलं कार्ड निळ्यात परत आणलं असतं तर त्याची चाळण झालेली असती.

मास्तर कार्ड काढून घेऊन गेले, लाल टाचणीसकट. ज्यानं त्यांना गाठलं त्यानं कार्ड ओढून घेतलं. टाचणी मुठीत राहिली. मग तो वर आला, गणित गेल्यावर, आणि नवं कार्ड छापून भिंतीवर लावलं. का? जुन्या कार्डावर मास्तरांनी काहीतरी लिहिलेलं असणार, आणि भिंतीवर जागा रिकामी राहिली असती तर सकाळी बोंब झाली असती.

पण त्यानं ते निळ्यात का लावलं?

उत्तर फार सोपं होतं. गणितनं रिकामी जागा लाल रकान्यात पाहिली होती; त्यानं लावलं असतं तर लालमध्ये. वकीलबाई कार्ड लालमध्ये गेलं म्हणून भांडल्या होत्या, त्यांनीही लालमध्येच. साहेब परगावी, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. एकशे अकरा कार्डांच्या गर्दीत बाहेरच्याला एक रिकामी जागा शोधायलाही वेळ लागतो. घाईतला माणूस शोधत बसत नाही, त्यानं जिथं शेवटचं पाहिलं तिथंच लावतो. कार्ड निळ्यात शेवटचं कोणी पाहिलं? पाच पन्नासच्या आधी जो उठून गेला त्यानं. सगळ्यांसमोर, सगळ्यांना निरोप देऊन.

साडेपाचला निघालो हीच ज्याची ढाल होती, त्याचंच हे काम होतं.

"झालं का वाचून, बाई?"

त्या वळल्या. काका आत आले आणि दार हलकेच लावून घेतलं. पेपरमिंटचा वास आधी पोचला.

"साहेबांचा निरोप आहे. गाडी खाली पार्किंगला आहे, तक्ता हातोहात न्यायचाय. चला, मागच्या जिन्यानं पटकन उतरू." त्यांनी बाईंचं कोपर धरलं. हळूच, आजारी माणसाला धरावं तसं. "वही घेतलीत ना?"

साहेब फोनवर वाट बघत होते. गाडी कसली नि निरोप कसला. सत्तावीस वर्षांची सवय नोंदबाईंच्या तोंडातून आपोआप बोलली.

"काका, एक नोंद राहिलीय. सत्तेचाळीस नंबर शेवटी कुठल्या रकान्यात ठेवला आपण?"

"हे काय विचारणं झालं? कंत्राटदाराच्या. दिवसभर डोकी फोडून तिथंच तर ठरलं आपलं."

"आपलं नाही, काका. तुमचं. तुम्ही गेल्यावर वीस मिनिटांनी मास्तरांनी ते लालमध्ये नेलं. वकीलबाईंनी पाहिलं, गणितनं पाहिलं, मी वहीत लिहिलं."

कोपरावरची बोटं हलली नाहीत. नुसती घट्ट झाली.

"मग मास्तरांनीच परत आणलं असेल."

"तर आठाची नऊ भोकं झाली असती." त्यांनी कार्ड उजेडाकडे धरलं. "एक आहे."

काकांनी त्या एका ठिपक्याकडे पाहिलं.

"मी ढकललं नाही त्यांना," ते म्हणाले. आवाज तसाच मऊ. "त्यांनीच फोन केला मला, विश्वासानं. म्हणाले, काका, उद्या सकाळी वस्ती रिकामी करायचा आदेश फक्त तुम्ही काढून आणू शकता. खालच्या तळघरातून या म्हणाले, त्या दाराचं कुलूप कधीचं मोडलंय. कार्डाच्या मागं सगळं लिहून आणलं होतं, बोअर सतरा, पोकळी, तारीख, वेळ. मी म्हटलं, मास्तर, एक रात्र द्या मला. ते कार्ड सोडेनात."

"उत्तरेला बोअर सोळावर थांबवायचा सल्ला तुमचा होता."

"एक ओळ होती, बाई. 'अधिक चाचण्यांची आवश्यकता दिसत नाही.' एका ओळीवर सदतीस वर्षं पुसली जाणार होती."

"आणि ते पडल्यावर?"

"वर आलो."

"कार्ड छापायला."

काका म्हणाले, "गणित जाईपर्यंत जिन्यातच थांबावं लागलं मला. ते कण्हत होते. मी तिसऱ्या मजल्याच्या दाराशी कानावर हात ठेवून उभा होतो." त्यांचा दुसरा हात पुढं आला. "वही द्या, बाई. तुमच्या वहीवर तशीही कुणाची सही नाही."

नोंदबाई मागं सरकल्या. टेबलाची कड पाठीला लागली. पुढं काका, मागं टेबल, टेबलावर तीन पायांचा कोळी आणि त्याचा हिरवा डोळा. काकांची नजर वहीवरून घसरत त्या दिव्यावर गेली, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा म्हातारा दिसला.

"सही आहे, काका," फोनमधून साहेबांचा आवाज आला. कापरा होता. "इथं अकरा माणसं बसलीत. बाई, दारापासून लांब व्हा."

व्हायची गरज पडली नाही. दार बाहेरून असं उघडलं की बिजागरी करकरली. वकीलबाई धापा टाकत उभ्या होत्या, हातात कागद कापायची लांब पोलादी पट्टी, मागं गणित.

"काका, बाईंचा हात सोडा. मी भांडखोर आहे हे सगळ्यांना माहीतच आहे."

काकांनी हात सोडला. खुर्ची ओढून बसले, खिशातून एक गोळी काढली, आणि ती तोंडात न टाकता नुसती हातात धरून राहिले, पोलीस येईपर्यंत.

पाच

पाचला सात मिनिटं कमी असताना मुकादमानं पहिला पंप बंद केला. दुसरा सुरूच झाला नाही. पुस्तक त्या दिवशी बाहेर पडलं नाही.

साडेसहाला धाकटीचा फोन आला. ती संतापली होती.

"ताई, आम्हाला रस्त्यावर बसवलंय! सासूबाई पलंगासकट फुटपाथवर, शेजारीपाजारी बघतायत. चार शिपाई आले आणि उचलून आणलं. त्या म्हणतात, माझं औषध आत राहिलं. मी जाऊन घेऊन येते."

"जाऊ नकोस."

"अगं, दोन मिनिटांचं काम..."

"धाकटे, आयुष्यात एकदा तरी माझं ऐक. औषध मी आणते बाजारातून. तू तिथून हलू नकोस."

धाकटी काहीतरी कुरकुरली. मग मधेच थांबली. फोनमधून एक आवाज आला. मोठा नव्हता. कुणीतरी जड कपाट जमिनीवरून हळूहळू सरकवावं तसा. त्यामागं बरीच माणसं एकदम ओरडली.

"ताई," धाकटी म्हणाली. आवाज लहान पोरीचा झाला होता. "न्हाणीघर गेलं. होतं तिथं नाहीये."

नोंदबाईंनी फोन खाली ठेवला. मोठ्या खोलीत त्या एकट्याच उरल्या होत्या. भिंतीवर लाल रकान्यात, मधोमध, दात पडल्यासारखी जागा तशीच होती.

त्यांनी नवं कार्ड छापून घेतलं. नंबर सत्तेचाळीस, मजकूर तोच. मागच्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहिलं: बोअर सतरा, पोकळी, तारीख, वेळ. खाली मास्तरांचं नाव. मग टेबलाशी बसून, वही शेजारी उघडी ठेवून, टाचणीनं एकेक भोक पाडलं. सकाळी नऊ चाळीस. दहा पाच. साडेअकरा. प्रत्येक नोंदीला एक, सात भोकं होईपर्यंत.

आठव्या भोकासाठी त्या उठल्या आणि लाल टाचणी पार बुचात जाईपर्यंत अंगठ्यानं दाबली.

वहीत ओळ लिहिली, वेळ घातली, पिशवी उचलली. बाहेर लिफ्ट दुरुस्त झाल्याची पाटी लागली होती. तिच्याकडे न बघता त्या पुढच्या जिन्यानं उतरल्या, कठड्याला धरून, प्रत्येक पायरी मोजत.

तळमजल्यावर मागच्या जिन्याच्या दारावरून जाताना मात्र त्या थांबल्या. आत काही ऐकू येत नव्हतं. तरीही त्या थांबल्या, आणि कुणी कण्हत नाही ना याची खात्री करून घेईपर्यंत हलल्या नाहीत.